बेडूक, उंदीर आणि मामांचा प्रश्न

फराळाचे ताट पुढे असताना पोटाच्या विकाराची गोष्ट काढणे रीतीला सोडून आहे, हे मी जाणतो. पण आमच्या घरी ही गोष्ट दिवाळीतच घडली. तीन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या धाकट्या मामांच्या पोटात अशी कळ उठली की ती पाठीपर्यंत आरपार गेली. इस्पितळात निदान झाले : पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला होता आणि स्वादुपिंडाला तीव्र दाह झाला होता. डॉक्टरांनी सलाइन लावले, वेदनाशामक दिले आणि मामींना सांगितले, "या दाहावर नेमके असे औषध नाही. शरीराला आधार द्यायचा आणि वाट पाहायची."

मामांचा जन्म किराण्याच्या दुकानात गेलेला. उधारी आणि उत्तर, दोन्ही त्यांना वेळेवर लागतात. त्याही स्थितीत ते पुटपुटले, "मग इतकी वर्षे हे शास्त्रज्ञ करतात तरी काय?" त्याचे उत्तर शोधताना मला जो इतिहास सापडला, तो वाचकांपुढे ठेवतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. अन्न पचवणारी प्रखर द्रव्ये ते तयार करते, पण निद्रिस्त रूपात. ट्रिप्सिनोजेन हे त्यांतले प्रमुख. आतड्यात उतरल्यावरच ते जागे होऊन ट्रिप्सिन बनते. १८५६ साली फ्रान्समधील क्लोद बेर्नार यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्हचे तेल सोडून हा दाह मुद्दाम घडवून पाहिला. पुढे १८९६ साली प्रागच्या हान्स किआरी यांनी विचार मांडला की या रोगात पिंड स्वतःलाच पचवू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार!

पण याची सुरुवात होते कशी? रुग्ण इस्पितळात येतो तो कळ उठल्यानंतर काही तासांनी. आणि दुखऱ्या पिंडाचा तुकडा काढून पाहणे धोक्याचे. पहिला तास पाहायचा, तर रोग आपणच, ठरल्या वेळी, एखाद्या प्राण्याच्या शरीरात सुरू केला पाहिजे.

येथे कथेत बेडूक येतो. ऑस्ट्रेलियातील झाडावर राहणाऱ्या एका हिरव्या बेडकाच्या कातडीतले सेरुलीन नावाचे द्रव्य इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली जगापुढे आणले. 'रस सोड' असा निरोप आपल्या आतड्याकडून स्वादुपिंडाला नेणारे जे संप्रेरक आहे, त्याचेच काम हे द्रव्य करते. थोडे दिले तर रस वाहतो. अति दिले तर रस पेशीतच कोंडतो आणि पेशी आतल्या आत बिघडते. १९७७ साली लांपेल आणि केर्न यांनी मोठ्या जातीच्या उंदरांत, आणि १९८५ साली नीडेराउ व सहकाऱ्यांनी लहान उंदरांत या युक्तीने दाह उत्पन्न केला. दर तासाला एक टोचणी. काही तासांतच पिंड सुजते.

लहान उंदराचे महत्त्व असे की त्याच्यातले एखादे नेमके जनुक काढून टाकता येते. पेशीतील कॅथेप्सिन-बी हे द्रव्य ट्रिप्सिनोजेनला अवेळी जागे करते, असा संशय होता. २००० साली ते जनुक नसलेल्या उंदरांची परीक्षा झाली. त्यांच्या पिंडातील ट्रिप्सिनची क्रिया ८० टक्क्यांहून अधिक घटली आणि इजाही कमी झाली. किआरींचा तर्क जिंकला असे वाटले. पण २०११ साली ट्रिप्सिनोजेनचाच एक मुख्य प्रकार नसलेले उंदीर तपासले गेले. पेशींचा नाश सुमारे निम्म्याने कमी झाला, दाह मात्र तसाच भडकला! गुन्हेगार एकटा नव्हता तर.

मग औषध का नाही? प्राण्यांवर गुणकारी ठरलेल्या लेक्सिपाफान्टची २९० रुग्णांवर परीक्षा झाली. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अवयव निकामी होणे त्याने टळले नाही. उंदराला रोग केव्हा जडला, हे प्रयोग करणाऱ्याला मिनिटागणिक ठाऊक असते. औषध आधीही देता येते. शिवाय सेरुलीनने आजारी पडलेला उंदीर बहुधा काही दिवसांत सावरतो. माणसाचे तसे नसते. उंदीर खोटे बोलत नाही. पण विचारले तेवढेच सांगतो. आणि तेवढे सांगण्यासाठीही तो कळ सोसतो, जीव देतो, हे विसरून कसे चालेल?

मामा बरे झाले. पुढे त्यांचे पित्ताशय काढले. त्यांना मी हे सारे सांगितले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "म्हणजे हिशेब चुकलेला नाही, अजून पुरा झालेला नाही."

दुकानातला उंदराचा पिंजरा मात्र त्यांनी अजून हलवलेला नाही.