वांद्र्यास आलेली पोलिश मुले

सन १९४२ च्या उन्हाळ्यात पोलंडमधील पोरक्या मुलांची पहिली तुकडी वांद्र्यास येऊन उतरली. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये हद्दपार केलेल्या कुटुंबांतील ही मुले अश्काबादहून इराणमार्गे मालमोटारींतून हिंदुस्थानात पोचली होती. आश्रय मिळाला, परंतु भार कोणी सोसावयाचा? ऐन महायुद्धात सरकारी तिजोरीचा हात आखडलेला होता. तेव्हा नरेंद्रमंडळाचे चॅन्सेलर, नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे झाले. त्यांनी बालाचडी येथे समुद्रकाठी छावणी उभारून मुलांस तेथे नेले. संस्थानिकांनी व धनिकांनी देणग्या दिल्या.

खरी कसोटी युद्धानंतर लागली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून ती वॉर्सा येथील नव्या राजवटीस दिली. निर्वासितांच्या खर्चाचा जुना आधार तुटला, आणि मुले परत धाडावीत अशी मागणी सुरू झाली. ज्यांस आईबाप नाहीत, त्यांचा पालक कोण? वॉर्साच्या मते, राष्ट्र. यावर जामसाहेब, छावणीचे धर्मगुरू फादर प्लुटा आणि ब्रिटिश अधिकारी कर्नल क्लार्क यांनी अनाथ मुले कायदेशीर दत्तक घेतली.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी मोडली, तेव्हा मुले कोल्हापूरजवळ वळिवडे येथील मोठ्या पोलिश वसाहतीत आली. तीही १९४८ मध्ये उठली. ज्या संस्थानास स्वतःचे परराष्ट्रधोरण ठेवण्याची मुभा नव्हती, त्याच्या अधिपतीने पित्याच्या हक्काने परसत्तेची मागणी अडविली होती.