‘ओ.डी.’ म्हणजे काय? औषधाच्या चिठ्ठीतल्या संक्षेपांची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात जुना जालन्यातल्या एका आजींना मी व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तदाबाची गोळी कळवली. नावापुढे सवयीने ‘ओ.डी.’ लिहिलं. मेसेज वाचला कॉलेजात जाणाऱ्या नातवाने. त्याच्या मोबाइलच्या भाषेत ओ.डी. म्हणजे ओव्हरडोस! घाबरून त्याने गोळी सुरूच होऊ दिली नाही. आठवड्याने आजी आल्या तेव्हा वरचा दाब १९० होता. चूक नातवाची नव्हती, माझी होती.

ही अक्षरं आली लॅटिनमधून. युरोपात कित्येक शतकं वैद्यकाची भाषा लॅटिन होती. ‘ओम्नी दिए’ म्हणजे रोज, म्हणून ओ.डी. ‘बिस इन दिए’ म्हणजे दिवसातून दोनदा, म्हणून बी.डी. एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. ही डॉक्टर आणि औषध देणारा यांच्यातली खूण होती. रुग्णाने ती वाचावी अशी अपेक्षाच नव्हती.

संक्षेप आपल्यालाही नवे नाहीत. जुन्या पत्रांत ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वाचणारा अडखळत नसे, कारण पूर्ण रूप दोघांनाही पाठ असे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा होती. तिथेही काटकसर शहाणपणाचीच होती.

औषधात मात्र ती महागात पडते. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी नुसतं इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये अशा धोकादायक संक्षेपांची यादीच काढून ते बंद केले. आपल्याकडे २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितलं.

मित्राला ‘gm’ पाठवा, काही बिघडत नाही. पण डॉक्टरांना कळवताना ‘शुगर वाढली’ एवढंच नको. किती, उपाशीपोटी की जेवणानंतर, कोणती गोळी किती मिलिग्रॅमची, हे पूर्ण लिहा. आणि चिठ्ठीतलं एखादं अक्षर कळलं नाही तर अंदाज बांधू नका, गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. सरळ विचारा.

मी आता लिहितो: ‘रोज एक गोळी, सकाळी नाश्त्यानंतर.’ चार शब्द जास्त लागतात, एवढंच.