पुण्याची हरवलेली वेधशाळा

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आकाश जवळजवळ नसतेच. सावित्री आणि गांधारी दुथडी भरून वाहत असतात, सह्याद्रीच्या माथ्यावर ढग ठाण मांडून बसलेले असतात. सूर्याचीही चार-चार दिवस गाठ पडत नाही, तिथे तारे कुठले? त्यामुळे अवकाश दुर्बीण कशासाठी, हे आमच्याकडच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. विश्वातून येणारे क्ष-किरण आणि बहुतांश अतिनील किरण वातावरण वरच्या वर शोषून घेते. त्या किरणांच्या दृष्टीने पृथ्वीवर बारमाही पावसाळाच असतो. ते पाहायचे, तर डोळाच ढगांच्या आणि हवेच्या पलीकडे न्यावा लागतो.

अशा दुर्बिणींचा विषय निघाला, की १९९० साली सोडलेली हबल आणि २०२१ साली सोडलेली जेम्स वेब ही दोन नावे घेऊन आपण थांबतो. या इतिहासाचा एक धागा मात्र पुण्यातून जातो आणि त्याचा आरंभ एका बंद पडलेल्या वेधशाळेत आहे.

१८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तिला जोड दिली आणि प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण तिथे होती. त्या काळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथे तळ ठोकून निरीक्षणे केली. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळेला टाळे लागले. उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाभोवती उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपली.

पुढे बरोबर शंभर वर्षांच्या अंतराने, १९८८ साली, डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'आयुका' स्थापन झाली. देशभरातल्या विद्यापीठांतील अध्यापक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची साधने मिळावीत, हा तिचा हेतू. नायगमवालांच्या वेधशाळेत जे उणे होते, तेच येथे पायाशी घातले गेले.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर गेली. तिची क्ष-किरण उपकरणे घडवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. अतिनील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने आयुका आणि इतर संस्थांच्या साहाय्याने सिद्ध केली. तिच्या आरशाचा व्यास जेमतेम ३८ सेंटिमीटर; हबलचा २.४ मीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुकाचे डॉ. कनक साहा यांच्या गटाने या लहान दुर्बिणीतून अठ्ठावीस तासांहून अधिक काळ आकाशाचा एक तुकडा न्याहाळला. मग जवळजवळ दोन वर्षे ते नोंदी पारखत राहिले. दिसले ते खरेच दीर्घिकेचे किरण आहेत की उपकरणाचा भास, याची खात्री करून घेत राहिले. २०२० साली त्यांनी जाहीर केले, की सुमारे ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून निघालेले तीव्र अतिनील किरण त्यांना सापडले आहेत. हबलला ते टिपता आले नव्हते, कारण तिच्या उपकरणातील पार्श्वभूमीचा गोंगाट अधिक होता. आरसा मोठा असला म्हणजे सारे दिसतेच, असे नाही.

२०१८ पासून अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदी इस्रोने टप्प्याटप्प्याने सर्वांना खुल्या केल्या. महाडच्या विद्यार्थ्यालाही त्या घेता येतील. पण 'खुले' या शब्दाचा अर्थ या गावाइतका कोणत्या गावाला ठाऊक असेल? १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पाण्याला प्रत्यक्ष ओंजळ लागली ती २० मार्च १९२७ रोजी. त्या संग्रामाशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. तिथे पाणी प्यायले म्हणून माणसांवर हल्ले झाले. इथे वाटेत कुणी काठी घेऊन उभे नाही. पण कागदावरचे खुलेपण आणि हातात आलेले खुलेपण यांत अंतर असते, एवढे त्यातून शिकायला हरकत नाही.

हे अंतर इंग्रजीचे आहे, गणिताच्या धास्तीचे आहे, आणि काही अंशी आमचेही आहे. नारळीकर अखेरपर्यंत मराठीतून लिहीत राहिले. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या विज्ञानकथा शिकवताना आम्ही मराठीचे अध्यापक कथानक, पात्रे आणि भाषाशैली यांवर थांबतो, आणि कथेतले विज्ञान पलीकडच्या वर्गाचे म्हणून सोडून देतो. नायगमवालांची वेधशाळा दुर्बीण नव्हती म्हणून बंद पडली नाही. दुर्बीण होती, तिच्यामागे उभे राहणारे दुसरे कुणी तयार झाले नव्हते. ती माणसे तयार करणे हे अध्यापकांचे काम आहे, मग विषय कोणताही असो.