आकडी थांबल्यावर

ही कुणा एकीची हकीगत नाही. शिरपूरच्या पाड्यावरून धुळे गाठायचं असो की चोपडा-यावलकडून जळगाव, गरोदरपणातली आकडी, म्हणजे एक्लॅम्पसिया, ज्या क्रमानं जीव घेऊ शकते तो क्रम इथे एका बाईच्या अंगावर मांडला आहे.

१६ तास आधी, संध्याकाळी ६
कापूस वेचून ती घरी आली. आठवा महिना. पायातली जोडवी रुतलीत, साबण लावूनही निघत नाहीत. डोकं ठणकतंय. सासूला वाटतं, कामाचा शीण.

१२ तास आधी, रात्री १०
डोळ्यांपुढे काजवे. बेंबीच्या वर दुखतंय, म्हणून ओवा चावून ती आडवी होते. रक्तदाब मोजायची हीच वेळ होती.

८ तास आधी, रात्री २
आकडी येते. डोळे फिरतात, जीभ दातांखाली सापडते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. मिरगी समजून. पण आधी कधीही फिट न आलेल्या गर्भार बाईला आकडी आली, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती एक्लॅम्पसियाच धरावी.

६ तास आधी, पहाटे ४
आरोग्य केंद्र. रक्तदाब १८०/१२०. सिस्टर मॅगसल्फचे ॲम्पूल फोडते, एकामागून एक दहा. प्रत्येकात १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही बाजूंना कमरेत खोलवर ५-५ ग्रॅम. औषध आत जाताना आग होते; ग्लानीतही ती कण्हते. हे स्वस्त, जुनं औषध किती गुणी आहे ते १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, भारतासह अनेक देशांत झालेल्या अभ्यासानं दाखवलं: पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी. नेहमीच्या मिरगीवर मात्र हा इलाज नव्हे.

रक्तदाबाची गोळीही दिली जाते. दाब थोडा उतरतो. १०८ची गाडी दारात येते.

५ तास आधी, पहाटे ५
माझ्या मते सगळं इथेच हातून निसटलं. आकडी थांबली आहे. "सिस्टर, आता निजली ती शांत. उजाडू द्या. तिचा नवरा सुरतेहून निघालाय, सही तोच करेल," सासू म्हणते. सिस्टर विनवते, गाडी उभी राहते.

सासूचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिला झटके दिसले, ते थांबलेलेही दिसले. चढता दाब दिसत नाही. मॅगसल्फ मेंदूला आकडीपासून आवरतं, पण रक्तदाबाचं ते औषध नव्हे. आजाराचं मूळ वारेत आहे. बाळ आणि वार बाहेर आल्याशिवाय तो उतरणीला लागत नाही, आणि त्यानंतरही २४ तास मॅगसल्फ चालू ठेवावं लागतं. या इंजेक्शननं फक्त वाटेपुरता वेळ मिळतो. तो वेळ वाट पाहण्यात गेला.

२ तास आधी, सकाळी ८
नवरा पोहोचला, सही झाली. पुढच्या डोसची वेळ. आधी सिस्टर स्टेथोस्कोपच्या कडेनं गुडघ्याखाली ठोकते. पाय उडतो. श्वास मिनिटाला १८, पिशवीत लघवीही पुरेशी. पाय उडाला नसता तर डोस थांबवायचा होता: मॅग्नेशियम अंगात साठलं की आधी पाय उडायचा थांबतो, मग श्वास. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये तयार आहे. ५ ग्रॅम देऊन गाडी निघते. दाब पुन्हा १८०च्या वर.

२० मिनिटं आधी
तापीवरचा सावळदे पूल मागे पडला. सोनगीरजवळ तिचा श्वास घोरल्यासारखा होतो. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे. आकडी नाही. मेंदूत रक्तस्राव.

सकाळी १०
धुळे. स्ट्रेचर उतरतं. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय: मॅगसल्फ १० ग्रॅम, पहाटे ४. ५ ग्रॅम, सकाळी ८. त्यानंतर फिट नाही.