राजाश्रय आणि हक्क : म्हैसूरचे सेंट फिलोमिना कॅथेड्रल

हूटगळ्ळी या औद्योगिक उपनगरातून म्हैसूर शहरात येणाऱ्या प्रवाशाने राजवाड्याबरोबरच सेंट फिलोमिना कॅथेड्रलही अवश्य पाहावे. १७५ फूट उंचीचे जुळे मनोरे, येशूचरित्रातील प्रसंग रंगविलेली काचचित्रे आणि वेदीखालच्या तळघरातील संत फिलोमिनेचा अवशेष हे सारे पाहून ही वास्तू इंग्रजांनीच बांधली असावी, असा समज सहज होतो. कालखंड वसाहतीचा खरा. आश्रय मात्र संस्थानाचा.

१८३१ साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्याकडे घेतला. तिसरे कृष्णराज वडियार तेव्हा नाममात्र राजे उरले होते. तरीही १८४३ साली त्यांनी याच जागी लहानसे चर्च बांधविले. पुढे महाराजांचे सचिव सर टी. थंबू चेट्टी यांनी १९२६ साली संत फिलोमिनेचा अवशेष मिळविला. सध्याच्या इमारतीची कोनशिला १९३३ साली चौथे कृष्णराज वडियार यांनी बसविली. जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलच्या धर्तीवरील हे काम बिशप रेने फ्यूगा यांच्या काळात तडीस गेले.

याउलट मुंबईचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात, १६७६ साली, तेथे सेंट थॉमस चर्चचे काम सुरू झाले. पुढल्याच वर्षी ऑन्जियर वारले आणि अर्धवट भिंती जवळजवळ चार दशके तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी खटपट केल्यावर १७१८ च्या नाताळात ते खुले झाले. कंपनीचे राज्य आणि चर्चचा धर्म एकच असूनही ही दिरंगाई झाली.

म्हैसूरच्या राजांचे औदार्य निःसंशय मोठे होते. परंतु औदार्य शेवटी राजाच्या मर्जीवर अवलंबून असते. राज्यघटनेने ही मर्जीच दूर केली. अनुच्छेद २५ व २६ अन्वये उपासनेचे स्वातंत्र्य व धार्मिक व्यवहार सांभाळण्याचा अधिकार हा हक्क ठरला. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती अनुच्छेद २७ ने वर्ज्य केली. त्यामुळे आजच्या अधिकाऱ्याने राजासारखी कोनशिला बसविण्याची अपेक्षा नाही. प्रार्थनास्थळाच्या परवानगीचा अर्ज, तो कोणत्याही धर्माचा असो, नियमानुसार तपासून मुदतीत निकाली काढणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. असा अर्ज धारिकेत वर्षानुवर्षे पडून राहिला, तर कागदावरचा हक्क पुन्हा मर्जीच्याच पातळीवर उतरतो.