मॉल्व्हर्नची मोटारगाडी

इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यात, मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, मॉर्गन नावाच्या मोटारींचा कारखाना आहे. हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन या पाद्र्याच्या मुलाने १९०९ साली तेथील एका शाळेच्या कर्मशाळेत आपली पहिली तीनचाकी जुळविली. भांडवल वडिलांचे होते. तीन चाकांवर कर कमी पडे, हाही लाभच. चारचाकी निघाली ती १९३६ साली.

ही गाडी लाकडाची असते, हा एक गोड गैरसमज. पाया पोलादाचा असे. लाकडी असे तो वरच्या अंगाचा सांगाडा. त्यासाठी वापरतात ते अ‍ॅश वृक्षाचे लाकूड चिवट व लवचिक असते. त्याच्या पातळ पट्ट्या चिकटवून साच्यात दाबून ठेवल्या, म्हणजे मागील चाकावरची कमान सिद्ध होते. मग तिच्यावर पत्रा चढवावयाचा. दोन गाड्यांचे दरवाजे एकमेकांस तंतोतंत बसतील, याची हमी कोण देणार?

अशी गाडी मिळण्यास कित्येकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. आणि मिळाल्यावर खरी कसोटी सुरू झाली. पुढची चाके उभ्या खांबांवर खालीवर सरकत. जुन्या गाड्यांत त्या खांबांना तेल देण्यासाठी चालकाच्या पायाशी एक कळ असे. ती दाबताच एंजिनातले तेल तिकडे वळे, दाबाचा काटा एकदम खाली येई, आणि नवख्या मालकाच्या पोटात गोळा उठे. कळ दाबावयास विसरणाऱ्याचे खांब झिजत. स्प्रिंगा तर अशा ताठ, की रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या कण्यास कळावा! पण खरा शत्रू ओलावा. रंगाखाली, पत्र्याआड लाकूड मुकाट्याने कुजते. एके दिवशी दार नीट लागेनासे होते, तेव्हा मालकास जाग येते. मग मिस्त्रीबरोबर सुताराचीही पायरी चढणे आले. तथापि बैलगाडीच्या चाकाचा मोडका आरा बदलावा, तसा हिचा कुजका भाग नवा करून बसविता येतो, हेही विसरता कामा नये. पन्नाशी उलटलेल्या गाड्या आजही धावतात, त्या याच बळावर.

१९५९ साली संस्थापक निवर्तले व सूत्रे पुत्र पीटर यांच्या हाती आली. १९६२ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मॉर्गनने दोन लिटरच्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला. १९९० मध्ये सर जॉन हार्वी-जोन्स या नामवंत उद्योगपतींनी बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर सल्ला दिला, की उत्पादन वाढवावे. पीटर व त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी तो मानला नाही. सल्ला हिशेबास धरून होता. परंतु ग्राहकांची रांग हेच ज्या कारखान्याचे आर्थिक कवच, त्याने ती एकदम संपवावी तरी कशी? कामाच्या पद्धती पुढे सावकाश सुधारल्या.

२०१९ साली कारखान्याची बहुसंख्य मालकी एका इटालियन गुंतवणूकदार मंडळीकडे गेली. त्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियमचा नवा पाया आला व २०२० मध्ये जुन्या पोलादी पायाची शेवटची गाडी बाहेर पडली. नव्या पायावरचा सांगाडा मात्र सुतार अजूनही अ‍ॅशचाच जोडतात.