सीताबर्डीवर विचारलेला प्रश्न : शिष्यवृत्तीची पात्रता आणि बौद्ध विद्यार्थी

धम्मदीक्षेचा इतिहास सांगताना आपण दीक्षाभूमीचे स्मरण करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या महान घटनेची पूर्वतयारी झाली ती सीताबर्डीवर. भारतीय बौद्ध जन समितीचे कार्यालय सीताबर्डीवरील कोठारी मेन्शनमध्ये होते आणि वामनराव गोडबोले यांनी सोहळ्याचा सारा व्याप तेथूनच सांभाळला. नागपूरला आल्यावर पूज्य बाबासाहेब उतरले तेही सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात. दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, तेथेच त्यांनी पत्रकारांशी वार्तालाप केला. त्या वार्तालापात एक प्रश्न पुढे आला : धर्म बदलल्यावर अस्पृश्यांना मिळणाऱ्या सवलतींचे काय होणार? बाबासाहेबांनी उलट विचारले की, या सवलतींसाठी ब्राह्मण अस्पृश्य व्हायला तयार आहेत काय? आमचा प्रयत्न माणूसपण मिळविण्याचा आहे, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता. १५ ऑक्टोबरच्या भाषणातही त्यांनी हा विषय टाळला नाही. हे हक्क आपणच मिळवून दिले आहेत आणि पुन्हा मिळवून देऊ, असा विश्वास त्यांनी लोकांना दिला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. प्रश्न मात्र उरला, आणि त्याचा सर्वांत मोठा भार पडला तो महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्यावर. शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा इतिहास हा आपल्या धम्मांतराच्या इतिहासाचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो. दुर्दैवाने त्याचा अभ्यास फारसा होत नाही.

या इतिहासाचा आरंभ स्वतः बाबासाहेबांपासून करावा लागतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, ती करारावर : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. त्या कराराला जागून १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले, तेव्हा संस्थानच्या त्या अधिकाऱ्याला गावात राहायला जागा मिळाली नाही. ज्याच्या शिक्षणावर दरबाराने पैसा खर्च केला, त्याला समाजाने खोली दिली नाही! मदतीचा नियम आणि समाजाचा नियम हे दोन निरनिराळे नियम असतात, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे सत्तेत गेल्यावर त्यांनी राजाच्या औदार्यावर विसंबून न राहता शासनाच्या अंदाजपत्रकात तरतूद मागितली, त्याचे मूळ आम्हांला या अनुभवात दिसते.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. त्यातून १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रारंभीची तरतूद वर्षाला तीन लाख रुपयांची होती. पुढे १९४८-४९ मध्ये अनुसूचित जमातींनाही ही योजना लागू झाली. आज आपली मुले जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतात ती हीच.

आता पात्रतेकडे वळू. पैसा मंजूर झाला, पण 'अनुसूचित जाती' म्हणजे कोण? त्याची व्याख्या १९३६ च्या आदेशात होती, आणि त्या आदेशातच धर्माची अट शिरलेली होती. भारतीय ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नव्हती. आणि बंगालमध्ये बौद्ध धर्म मानणाऱ्या व्यक्तीलाही वगळले होते. धम्मदीक्षेच्या वीस वर्षे आधीच्या कायद्यात 'बौद्ध' हा शब्द अपात्रतेचे कारण म्हणून आलेला आहे, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तीच वृत्ती अधिक व्यापक केली. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची नव्हे. पंजाबातील काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. तो अपवाद सर्व अनुसूचित जातींच्या शिखांपर्यंत वाढविला गेला तो सप्टेंबर १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्या अवघे काही आठवडे आधी. त्या दुरुस्तीत बौद्धांचे नाव नव्हते.

अशा कायद्याच्या छायेत १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी दीक्षा घेतली. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. १ नोव्हेंबरला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. नागपूरच्या विद्यार्थ्याचा धर्म एकदा बदलला, राज्य मात्र चार वर्षांत दोनदा बदलले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ८९ हजार झाली. या २७ लाखांनी काय सोडले, याचा विचार आपण बहुधा श्रद्धेच्या भाषेत करतो. तो कधीतरी शुल्काच्या पावतीच्या भाषेतही करावा. सीताबर्डीवरच्या जुन्या मॉरिस महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मजुराच्या मुलाने अर्जात धर्म 'बौद्ध' लिहिला, तर केंद्राच्या कायद्याने तो अनुसूचित जातीचा उरत नव्हता. 'हिंदू' लिहिला, तर बावीस प्रतिज्ञांशी प्रतारणा होत होती. काहींनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि अर्जात 'हिंदू महार' लिहिले. त्यांना आज भित्रे म्हणणारे लोक भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. त्या घरांत वसतिगृहाचे पैसे भरण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि दोष पेचात सापडलेल्या मुलाचा नसून पेच निर्माण करणाऱ्या परिच्छेदाचा होता.

हा पेच न्यायालयातही गेला, आणि तोही नागपूरहूनच. १९६२ च्या निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम नागपूरच्या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते राखीव जागेस अपात्र आहेत, असा आक्षेप पंजाबराव यांनी घेतला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप ग्राह्य धरून निवड रद्दबातल ठरविली. या निकालात १९५० च्या आदेशातील धर्म 'मानणे' या शब्दाचा अर्थ लावला गेला : आपला धर्म जाहीरपणे, लोकांना कळेल अशा रीतीने प्रकट करणे. खटला राखीव जागेचा होता, परंतु शब्द शिष्यवृत्तीच्या पात्रतेतलाच होता. त्याचा परिणाम पाहा. मनात बौद्ध राहणाऱ्याला कायदा विचारत नव्हता. चारचौघांत बौद्ध म्हणविणाऱ्याला मात्र अपात्र ठरवीत होता. आणि दीक्षा तर स्वभावतःच जाहीर असते.

महाराष्ट्राने यातून आपल्यापुरता मार्ग काढला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६० मध्येच राज्य शासनाने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना आपल्या अखत्यारीतील सवलती देऊ केल्या. या निर्णयाचे मोल मोठे आहे. मराठवाडा-विदर्भातील बौद्धांची पहिली पदवीधर पिढी त्यावर उभी राहिली. परंतु त्याची हद्द राज्याच्या हद्दीइतकीच होती. केंद्राच्या सेवेत बौद्ध उमेदवार अनुसूचित जातीचा नव्हता. एकाच मुलाला मुंबईचे सरकार पात्र म्हणत होते आणि दिल्लीचे अपात्र.

याच निर्णयामुळे शासनाच्या भाषेत 'नवबौद्ध' हा शब्द रुजला. या शब्दाविषयी पालीच्या अभ्यासकाने एक गोष्ट सांगणे भाग आहे. विनयाच्या परंपरेत पाच वर्षावास पूर्ण न झालेल्या भिक्खूला 'नवक' म्हणतात. पाचांनंतर तो 'मज्झिम' होतो आणि दहांनंतर 'थेर'. शासनाने आपल्याला सहा दशकांहून अधिक काळ नवकच ठेवले आहे! २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेच्या कागदांतही 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हेच शब्द आहेत. त्या योजनेतून, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आणि नागपूरसारख्या मोठ्या शहरात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यासाठी भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये ठरविले गेले. तेव्हा शब्द खटकला तरी अर्ज जरूर भरावा, असेच आम्ही मुलांना सांगतो.

केंद्राची दुरुस्ती यायला १९९० साल उजाडले. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार असताना, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, जून १९९० मध्ये तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्यापुढे 'बौद्ध' हा शब्द घातला गेला. एक शब्द, आणि त्यासाठी जवळजवळ चौतीस वर्षे. १९५६ मध्ये महाविद्यालयात शिरलेला विद्यार्थी तोवर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला होता.

तथापि पात्रतेचा प्रश्न त्या शब्दाने संपला नाही, त्याचे रूप बदलले. कायदा आता दोन निरनिराळ्या गोष्टी विचारतो : तू कोणता धर्म मानतोस, आणि तुझे पूर्वज कोणत्या अनुसूचित जातीत गणले जात होते? पहिल्याचे उत्तर 'बौद्ध'. दुसऱ्याचे उत्तर मात्र 'बौद्ध' असू शकत नाही, कारण अनुसूचित जातींच्या यादीत 'महार' आहे, 'बौद्ध' नाही. येथे आपल्याच अभिमानाची अडचण होते. दीक्षेनंतर अनेक पालकांनी शाळेत नाव घालताना धर्माच्या आणि जातीच्या अशा दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' लिहविले. त्यामागची भावना निर्मळ होती. परंतु जात प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि पूर्वजांच्या जातीचा पुरावा लागतो. मग नातू किंवा पणतू आजोबांच्या गावच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागतो, तहसिलीत कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद शोधतो. जी जात आजोबांनी टाकली, तीच त्यांच्या नावापुढे सापडावी म्हणून नातू जुन्या शाईवर डोळे लावून बसतो. आम्ही अशी मुले पाहिली आहेत. उतारा सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असतो, आणि त्या आनंदाची त्यांना थोडी लाजही वाटते.

या लाजेचा विचार विनयपिटकात झालेला आहे. 'महावग्गा'त उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारायचे प्रश्न दिले आहेत. त्यांना अन्तरायिक धम्म, म्हणजे अडथळा ठरणाऱ्या गोष्टी, म्हणतात. कुष्ठादी पाच रोगांपैकी एखादा आहे काय, तू मनुष्य आहेस काय, पुरुष आहेस काय, स्वतंत्र आहेस काय, ऋणमुक्त आहेस काय, राजाच्या चाकरीत तर नाहीस, मातापित्यांची अनुज्ञा आहे काय, वीस वर्षे पूर्ण झाली काय, पात्र-चीवर पुरते आहे काय, तुझे नाव काय, उपाध्यायाचे नाव काय. ही यादी सर्वांना मोकळीक देणारी नाही. दास आणि ऋणको यांना ती अडविते, आणि त्यावर टीका करायची असेल तर अवश्य करावी. परंतु त्या संपूर्ण यादीत जातीचा प्रश्न नाही. न्हावी असलेला उपालि आणि निर्माल्य झाडणारा सुनीत संघात आले, त्यांना कुळ सिद्ध करावे लागले नाही. आजचा अर्ज जात विचारतो तो उलट हेतूने, झालेली हानी मोजण्यासाठी. जखमेची नोंद करणे आणि जखमेचा अभिमान बाळगणे यांत भेद आहे. म्हणून जातीच्या रकान्यात पूर्वजांची जात लिहिणाऱ्या बौद्ध मुलाचा धम्म कमी होतो, हे म्हणणे आम्हांस पटत नाही.

'महावग्गा'तील पुढची गोष्ट आमच्या कामाला अधिक लागू पडते. हे प्रश्न प्रथम थेट संघासमोर विचारले जात. उमेदवार गोंधळत, संकोचत, त्यांना उत्तर देता येईना. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, आधी उमेदवाराला समजावून सांगावे आणि मग विचारावे. आणि हे समजावणेही संघाच्या मध्यभागी नव्हे, तर बाजूला नेऊन करावे.

महाविद्यालयाच्या खिडकीवर असे बाजूला नेणारे कोणी नसते. २०१८ पासून अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो, म्हणजे खिडकीवरचा माणूसही गेला. २०२० च्या अखेरीस केंद्राने आपला वाटा ६० टक्के ठरविला आणि ४० टक्के राज्याकडे ठेवले. रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करण्याची पद्धत आली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तिच्या वर उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची शिक्षण व परीक्षा शुल्काची स्वतंत्र योजना आहे, हे अनेक पालकांना माहीत नसते आणि ते अर्जच करीत नाहीत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेला विद्यार्थी पात्र ठरतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेलेला नाही. ही अट प्रवेशानंतर कळली तर उपयोग नसतो, आणि नेमकी ती प्रवेशानंतरच कळते. राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला जात पडताळणीही लागते, तिला महिने लागू शकतात. म्हणून दाखल-खारीजचा उतारा बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच काढून ठेवावा.

आमच्या परिसरातील काही विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन चालते. शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा त्याच महिन्यांच्या आगेमागे सुरू होतात. वाचन आटोपल्यावर अर्धा तास थांबून मुलांचे कागद पाहावेत, धर्माच्या रकान्यात काय आणि जातीच्या रकान्यात काय हे बाजूला बसवून सांगावे, असे आम्ही त्या विहारांच्या उपासकांना सुचविले आहे. दोन विहारांनी यंदा ते सुरू केले. पहिल्या रविवारी आलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' होते.